डाळिंबी, वांगी आणि दहा मॉनिटर

दुकानात गिऱ्हाईक येऊन "काकू, मॉनिटर दाखवा" म्हणालं, की माझा पहिला प्रश्न असतो, "तुमची खुर्ची केवढी उंच आहे?"

लोक दचकतात. काहींना वाटतं मी फर्निचरही विकते. एक गृहस्थ तर "खुर्ची नको, घरी आहे," असं सांगून निघूनच गेले होते. माझा नवरा शरद बिलाच्या टेबलामागून दर वेळी कपाळाला हात लावतो. तरी मी विचारतेच. टेबल केवढं, खुर्ची केवढी, स्क्रीनकडे समोरून बघणार, वरून की खालून? ही सवय मला येवल्याच्या एका बाईंमुळे लागली. त्याच बाईंनी पुढे माझी अब्रू वाचवली आणि एका कॉलेजच्या हॉलमध्ये दीडशे पोरांना नाचवलं. ते सगळं आता एकदा सांगूनच टाकते.

नाशिकच्या एम. जी. रोडवर आमचं मॉनिटरचं दुकान आहे. आसपासचे दुकानदार आम्हाला "काचवाले" म्हणतात. व्यवहार शरद बघतो, काचा मी बघते. पंचवीस-एक वर्षं रोज आठ तास पेटलेल्या काचांकडे बघते आहे आणि अजून कंटाळा आलेला नाही. नवीन खोकं फोडायचं, थर्माकोल बाजूला सारायचा आणि काचेवरची पातळ फिल्म सर्र्कन ओढायची, याला माझे हात आजही शिवशिवतात. ती फिल्म मी कोणालाही काढू देत नाही. शरदलाही नाही.

बाहेरच्याला वाटतं स्क्रीन म्हणजे स्क्रीन, लहान किंवा मोठी. तसं नसतं हो! आत मागच्या बाजूला एक दिवा सतत चालू असतो. त्याच्यापुढे लाखो बारीक झडपा असतात. वीज मिळाली की त्या हलतात, कमी-जास्त उजेड पुढे सोडतात आणि त्यातून चित्र उमटतं. सगळी गंमत आहे ती या झडपा कशा हलतात त्यात. यांची मुख्य घराणी तीन. टीएन घराण्यातल्या झडपा पिळवटून बसलेल्या असतात आणि वीज मिळताच झटकन सुटतात. स्वस्त आणि चपळ. पण त्यांच्याकडे अगदी नाकासमोरून बघावं लागतं, मान वर-खाली झाली की रंग फिरलाच. दुसरं आयपीएस. (हे ऐकून एका आजोबांनी "पोलिसांसाठी वेगळा येतो का?" असं विचारलं होतं.) यातल्या झडपा जागच्या जागी आडव्या फिरतात, त्यामुळे कुठूनही बघा, रंग तोच. फक्त मागचा उजेड थोडा झिरपतो, म्हणून काळा रंग जरा राखेसारखा दिसतो. तिसरं व्हीए. यातल्या झडपा ताठ उभ्या राहून उजेड जवळजवळ पुरता अडवतात. काळा म्हणजे काजळ! सिनेमा बघावा तर यावरच. पण अगदी गडद रंगातून बाहेर पडायचं म्हटलं की या झडपा आळस देत उठतात.

एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

शकूताई येवल्याच्या पैठणी विणणाऱ्या. मला वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या. जावेच्या लेकाने त्यांना गिऱ्हाइकांचे फोटो कॉम्प्युटरवर बघायला शिकवलं, आणि त्या स्क्रीन घ्यायला थेट माझ्याकडे आल्या. मी त्यांना स्वस्तातला टीएन दिला. त्या काळी मी सगळ्यांना तोच द्यायचे. चालतो, टिकतो, स्वस्त पडतो, आणखी काय हवं? खुर्चीचं विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं की शकूताईंना खुर्चीच नाही.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. "नीलाताई, एक विचारू का? नागपूरच्या नवरीच्या आईनं साडीचा फोटो धाडलाय. डाळिंबी रंग हाय म्हणतात त्या. मला जरा काळपट दिसतोय."

दुकानात गर्दी होती. मी एका कानाने ऐकलं आणि म्हटलं, "ब्राइटनेस वाढवा ताई. नाहीतर फोटोच खराब असेल."

"बरं," म्हणाल्या त्या आणि फोन ठेवला.

तो "बरं" माझ्या अजून कानात आहे. कारण त्यानंतर त्यांनी स्क्रीनवरच्या रंगाशी जुळवून रेशीम रंगवून घेतलं, आणि त्या व त्यांची जाऊ दोन महिने मागावर बसल्या.

एका दुपारी त्या दुकानात आल्या. हातात मलमलीच्या कापडात गुंडाळलेली साडी. काउंटरवरचे कीबोर्ड स्वतःच बाजूला सारून त्यांनी ती पसरली. पदरावर मोर, काठाला नारळी. इतकी देखणी साडी मी जन्मात पाहिली नव्हती.

"ताई, ह्यो कोणता रंग?"

"वांगी," मी म्हटलं.

"आणि त्यांना पायजे होता डाळिंबी. साडी परत आली." आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "मी डाळिंबीच इनली असती हो. तुमच्या काचेत मला डाळिंबी असाच दिसला."

शरद म्हणाला, "मोबाइलच्या फोटोत रंग फिरतात, आता त्याला..." मी त्याला थांबवलं. मला तो फोन आठवला होता.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं येवल्याला गेलो. शकूताईंनी घरात नेलं आणि मी दारातच उभी राहिले. माग जमिनीलगत. मागाखाली खड्डा, त्यातल्या पायाने दाबायच्या पट्ट्यांवर पाय सोडून जमिनीवर बसायचं. आणि समोर टेबलावर, चांगलं कंबरभर उंचीवर, माझा मॉनिटर! मी उभ्याने बघितलं तर फोटोतली साडी डाळिंबी. मग शकूताईंच्या जागेवर बसले, पाय खड्ड्यात सोडले आणि मान वर केली. साडी वांगी झाली! उठले, डाळिंबी. बसले, वांगी. चार वेळा उठबस केली. शरदला बसवलं. तो बसला आणि पटकन म्हणाला, "अरेच्चा!" इतकी वर्षं मॉनिटर विकणाऱ्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

"शकूताई, चूक माझी आहे," मी म्हटलं. "फोनवर तुम्ही सांगत होता तेव्हाच मी यायला हवं होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आता काय करायचं?"

साडी मी तिथेच घेतली, ठरलेल्या किमतीला. उपकार म्हणून मुळीच नाही. काउंटरवर उलगडल्या क्षणापासून तिच्यावर माझा डोळा होता. आणि गाडीत ठेवलेला आयपीएस मॉनिटर आणून मागासमोर मांडला. शकूताई मागावर बसल्या. मग उठल्या, भिंतीशी गेल्या, दारात गेल्या, पुन्हा बसल्या. शेवटी हातात चार रंगांच्या रेशमाच्या लडी घेऊन स्क्रीनला लावून बघितल्या.

"ह्यो खरं बोलतो," त्या म्हणाल्या. "पण वरच्या उजव्या कोपऱ्यात काळा जरा मळका हाय."

मी जवळ जाऊन, डोळे बारीक करून बघितलं. होता! आयपीएसच्या कोपऱ्यातला झिरपणारा उजेड, जो दाखवला तरी गिऱ्हाइकांना दिसत नाही, तो या बाईंनी बसल्या जागी पकडला. मला इतका आनंद झाला की त्यांच्या जावेने आणलेला चहा मी साडीवर सांडता सांडता वाचवला.

तेव्हापासून आमची गट्टी जमली. शकूताई नाशिकला आल्या की दुकानात चक्कर असायचीच. मी त्यांच्यापुढे दोन मॉनिटर मांडायचे आणि विचारायचे, "सांगा बरं, कोणता चांगला?" एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन नगसुद्धा त्या वेगळे ओळखायच्या. "ह्याचा पांढरा गायीच्या दुधाचा, त्याचा म्हशीच्या." मी यंत्राने मोजून बघायचे आणि बाई बरोबर निघायच्या. शरद म्हणायचा, "यंत्र विकून टाकू या."

आता अब्रूची गोष्ट.

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात गेमिंगची स्पर्धा होती. पाच जणांचा एक संघ, समोरासमोर गोळीबाराचा खेळ. दहा मॉनिटर मी पुरवले होते. सगळे एकाच मॉडेलचे, सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवणारे. अशा खेळात पोरांना झडप चपळ लागते. समोरचा माणूस क्षणभर आधी दिसला तर आपण वाचलो, नाहीतर गेलो. म्हणून मी घाऊक व्यापाऱ्याकडून मुद्दाम जलद आयपीएस मागवले होते. खोक्यांवर नाव बरोबर होतं. खोकी थेट हॉलवर उतरली आणि पोरांनी माझ्याआधीच फिल्मा काढल्या. तिथे चुकलंच.

शनिवारी दुपारी शकूताई दुकानात बसल्या होत्या, बहिणीसाठी मॉनिटर बघायला आलेल्या. तेवढ्यात स्पर्धा घेणाऱ्या प्राध्यापकांचा फोन आला. "नीलाकाकू, लगेच या. भांडणं लागली आहेत. एक संघ म्हणतोय मॉनिटर खराब आहेत. तुमचं नाव घेऊन ओरडतायत."

मी स्कूटर काढली. शकूताई म्हणाल्या, "मी बी येते," आणि पिशवी मांडीवर घेऊन मागे बसल्या. साठीच्या दोन बायका, एक हेल्मेट आणि गंगापूर रोड. सिग्नलला वाहतूक पोलिसाने शिट्टी तोंडाला लावली, शकूताईंनी त्याला हात जोडले आणि त्याने शिट्टी खाली घेतली.

हॉलमध्ये दीडशे पोरं एका वेळी बोलत होती. मधोमध चांदवडची प्राजक्ता उभी होती. डाव्या रांगेतल्या संघाची कप्तान, वेणी आवळून बांधलेली, गळ्यात हेडफोन.

प्राध्यापकांनी मला माईक दिला. "काकू, तुम्हीच सांगा, दहाही मॉनिटर सारखे आहेत ना?"

"सारखेच आहेत," मी माईकवर सांगितलं.

बघितलं नव्हतं अजून! खोक्यावरच्या नावाच्या भरवशावर शब्द देऊन बसले. येवल्याहून काही शिकले होते म्हणता? तेवढ्यापुरतं काहीच नाही.

समोरच्या रांगेतली पोरं हसायला लागली. एक जण ओरडला, "हरल्यावर स्क्रीनच खराब असते!"

प्राजक्ता लाल झाली, पण जागची हलली नाही. "मावशी, माझं ऐका तरी. आमच्या स्क्रीनवर माणूस अंधारातनं निघाला ना, की त्याच्या मागं काळं शेपूट राहतं. नीट दिसतच नाय कुठं मारायचं ते. मी खोटं नाय बोलत."

मी सेटिंग तपासली. ब्राइटनेस, वेग, केबल, सगळं सारखं. पुन्हा बघितलं, तेच. 

"पोरगी खरं बोलतीय," मागून आवाज आला.

शकूताई एव्हाना दोन्ही रांगांमधून फिरून आल्या होत्या. स्क्रीनवर खेळाची चित्रफीत चालू होती, अंधाऱ्या बोळातून धावणारा माणूस. "ह्या रांगेत काळ्यातनं धागा ओढल्यावानी दिसतोय. मागचा काळा सुटतच नाय त्याला. त्या रांगेत असं होत नाय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आळसावलेल्या झडपा. व्हीए!

"ह्या आज्जी कोण?" कोणीतरी विचारलं.

"माझ्या तज्ज्ञ आहेत," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

प्राध्यापक भले गृहस्थ, पण गणित शिकवणारे. ते म्हणाले, "असं कसं मानायचं? चाचणी घेऊ." दहाही मॉनिटर सोडवून, जागा बदलून एका लांब टेबलावर ओळीने लावले. कोणता कुठला, ते फक्त त्यांच्या कागदावर. शकूताईंना तोवर बाहेर बसवलं. मग त्यांना बोलावलं. 

त्या चष्मा पुसत पहिल्यासमोर उभ्या राहिल्या. "ह्यो चांगला." दुसरा, "चांगला." तिसऱ्यापाशी थांबल्या. धावणारा माणूस दोनदा बघितला. "ह्याला शेपूट." अशा दहापर्यंत गेल्या. चार शेपटाचे, सहा चांगले.

प्राध्यापकांनी कागद बघितला आणि गोंधळले. "आजी, डाव्या रांगेत पाच होते. तुम्ही त्यातले चारच सांगताय. एक चुकला."

"चुकले नाय मी," शकूताई म्हणाल्या. "पाचवा चांगला हाय."

आणि प्राजक्ता किंचाळली, "तो अक्षयचाच असणार! अक्षयच्या जागेवरचा!" तिच्या संघातला अक्षय हा एकटाच चांगला खेळला होता, आणि बाकी चौघं सकाळपासून त्याला टोचून विचारत होते की तुलाच बरं सगळं कसं दिसतं. बिचारा अक्षय! त्याच्या चेहऱ्यावर असा न्याय उजळला की बघणाऱ्याला हसू यावं.

मी म्हटलं, "सर, पडदे ओढा. दिवे घालवा. सगळ्या स्क्रीनवर नुसता काळा रंग लावा."

अंधार झाला. दहा मॉनिटर, दहा काळ्या चौकटी. सहा राखेच्या रंगाच्या, कोपऱ्यात मंद उजेड झिरपणाऱ्या. आणि चार इतक्या काळ्या, की तिथे मॉनिटर आहे की भिंतीला भोक, कळू नये. अगदी त्याच चार. आणि हॉलमध्ये जो गलका उठला! पोरं बाकांवर चढली. प्राजक्ताने शकूताईंना मिठी मारली, त्यांचा चष्मा तिच्या हेडफोनच्या वायरीत अडकला, तो सोडवायला दोन पोरं लागली.

दिवे लागल्यावर मी माईक मागून घेतला. "चूक माझी आहे. खोक्यावर एक नाव आणि आत दुसरंच पॅनल, असं आमच्या धंद्यात होतं. मी ते उघडून बघायला हवं होतं. न बघता मी सगळे सारखे म्हणाले आणि ही मुलगी खोटी ठरत होती. प्राजक्ता, माफ कर."

ती इतकी लाजली की म्हणाली, "असू द्या मावशी, तुमची काच सिनेमाला भारी आहे."

सामना पुन्हा घ्यायचं ठरलं. पण चार मॉनिटर आणायचे कुठून? मी शरदला फोन लावला. "दुकानात जलद आयपीएस किती आहेत?"

"तीन."

"चौथा तुझ्या टेबलावर आहे. तो काढ."

"नीला, मग मी दिवसभर काय बघू?"

"माणसं बघ. येतात की दुकानात!"

चार मॉनिटर मांडीवर आणि पायांशी ठेवून तो रिक्षातून आला. पायाच्या अंगठ्यापासून कानापर्यंत वैतागलेला. पण हॉलच्या दारात पोरांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्याने शर्टाची कॉलर सारखी केली. मी ते पाहिलं. दहाही स्क्रीनवर मी आधी अंधार केला, मग धावणारा माणूस सोडला आणि शकूताईंकडे बघितलं. त्यांनी मान डोलावल्यावरच खेळ सुरू झाला.

प्राजक्ताचा संघ तो सामना जिंकला. अंतिम सामन्यात घोटीच्या पोरांकडून एका फेरीने हरला, आणि या वेळी स्क्रीनविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. घोटीचा कप्तान, सहा फुटी, मिशी नुकती फुटलेली, बक्षीस घेऊन खाली उतरला तेव्हा प्राजक्ता शकूताईंना हाताला धरून एका खुर्चीत बसवत होती.

"आज्जी, एकदा खेळून बघा."

"मला कुठं जमतंय!" असं म्हणत शकूताई बसल्यासुद्धा. माउस हातात धरला, कीबोर्डकडे बघितलं, मग टेबलाखाली वाकून बघितलं. "पायाला काय नाय का?"

"नाय आज्जी, पाय मोकळे."

"मग काय अवघड हाय?"

समोर घोटीचा कप्तान हसत हसत बसला. शकूताई चार सेकंदांत मेल्या. मग तीन सेकंदांत. मग भिंतीकडे तोंड करून गोळ्या झाडताना मेल्या. हॉल हसून लोळत होता आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं शकूताई हसत होत्या. पाचव्या डावात मात्र त्या गप्प झाल्या. एका अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. धावल्या नाहीत, झाडल्या नाहीत. नुसत्या उभ्या. मिनिट गेलं. दोन गेली. पोरं कंटाळून ओरडायला लागली, "आज्जी, हला की!" दोन-दोन महिने एका साडीसमोर बसणारी बाई ती. तिला दोन मिनिटांचं काय!

कप्तान शोधत शोधत बोळातून आला. खांद्याचा काठ अंधारातून जेमतेम बाहेर आला असेल. मला दिसला नव्हता, प्राजक्तालाही नाही. शकूताईंनी बोट दाबलं.

घोटीचा कप्तान आडवा!

असा आवाज मी त्या हॉलमध्येच काय, नाशिकमध्ये ऐकलेला नाही. प्राध्यापकांनी हातातला कागद हवेत भिरकावला. हरलेला कप्तान स्वतः खुर्चीवर उभा राहून ओरडत होता, "आज्जी! आज्जी! आज्जी!" मी आणि शरद, पंचवीस वर्षांचे काचवाले, एकमेकांचे हात धरून उड्या मारत होतो.

थोड्या वेळाने भानावर येऊन शरदने घड्याळ बघितलं. बाहेर ऊन कललं होतं. गर्दीतून वाट काढत तो शकूताईंच्या खुर्चीपाशी गेला आणि वाकून म्हणाला, "ताई, चला, स्टँडवर सोडतो. येवल्याची गाडी निघेल."

शकूताईंनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. बोट माउसवर तसंच होतं.

"दादा, गाड्या लय हायेत," त्या म्हणाल्या. "हा घोटीचा पोरगा आता त्या दारातनं येणार हाय. जरा गप उभे ऱ्हावा."